ट्रॅक्टरच्या पॉवर स्टीअरिंगमधील तेलगळती : निदान व उपाय

सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी पुढील आसाखालच्या मातीवर तळहाताएवढा काळपट डाग दिसतो. स्टीअरिंगच्या टाकीतील तेल खुणेच्या खाली गेलेले असते. घरात तेलाचा डबा असतोच. तेल भरले जाते, ट्रॅक्टर शेतावर जातो आणि डागाचा विसर पडतो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तोच डाग व पुन्हा तोच डबा. असे करता करता हंगाम भरात येतो आणि नेमकी उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यावर असताना स्टीअरिंग एकाएकी जड होते.

पुष्कळ शेतकरी बांधव ह्या दुखण्याला क्षुल्लक समजतात. इंजिनाचे तेल जसे हळूहळू कमी होते तसेच हेही होत असावे, अशी त्यांची समजूत असते. ती बरोबर नाही. इंजिनातील तेलाचा थोडा अंश ज्वलनात खर्च होतो. स्टीअरिंगचे तेल बंद नळ्यांतून फिरते आणि पुन्हा टाकीत येते. ते जळत नाही. म्हणून ते कमी झाले असेल, तर ते कोठून तरी निघून गेलेले आहे, एवढे निश्चित समजावे. तेल भरणे हा उपाय नव्हे. ते कोठून गेले हे शोधून काढणे हा उपायाचा आरंभ होय.

पॉवर स्टीअरिंगची रचना

पूर्वीच्या ट्रॅक्टरांत चालकाच्या हातातील चक्र आणि पुढची चाके यांच्यामध्ये दांडे व दातेरी चक्रांची पेटी असे. चाके वळविण्याचा सर्व भार चालकाच्या दंडावर पडे. हा भार तेलाच्या दाबावर टाकण्याची युक्ती फ्रान्सिस डेव्हिस ह्या अमेरिकन अभियंत्याने १९२६ मध्ये मोटारीवर बसवून दाखविली. विक्रीच्या मोटारींत ती १९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडीपासून आली. आता आपल्याकडील अनेक ट्रॅक्टरांत ती असते.

बंद भांड्यातील द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम ह्या रचनेच्या मुळाशी आहे. इंजिनाच्या गतीवर चालणारा एक लहान पंप टाकीतून तेल ओढून घेतो व दाबाने पुढे ढकलतो. स्टीअरिंगच्या खांबाखाली असलेला नियंत्रक हे तेल, चक्र ज्या बाजूला फिरविले असेल त्या बाजूच्या नळीत सोडतो. तेथून ते पुढील आसावरील सिलिंडरात जाते. सिलिंडरातील दट्ट्या सरकतो, त्याला जोडलेला दांडा चाकांना वळवितो आणि दट्ट्याच्या दुसऱ्या बाजूचे तेल परतीच्या नळीने, गाळणीतून, टाकीत येते.

ह्यात दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही की, अनेक ट्रॅक्टरांत चक्र आणि चाके यांच्यामध्ये लोखंडी जोड मुळीच नसतो. मध्ये असते ते केवळ तेल. इंजिन बंद पडले तरी नियंत्रक हातपंपासारखा चालतो व जड का होईना, चाके वळविता येतात. परंतु तेलच निघून गेले तर चक्र नुसते फिरते आणि चाके जागची हलत नाहीत. दुसरी गोष्ट अशी की, काही ट्रॅक्टरांत स्टीअरिंगच्या तेलाची टाकी स्वतंत्र असते, तर काहींत हे तेल गिअर व हायड्रॉलिक लिफ्ट यांच्याच तेलातून घेतले जाते. दुसऱ्या प्रकारात स्टीअरिंगची गळती ही गिअर आणि लिफ्टचीही गळती होय.

थेंबाचा हिशेब

दर दहा सेकंदांना एक थेंब गळत असेल तर ते डोळ्यांना फारसे जाणवत नाही. पण आठ तासांच्या कामात असे २,८८० थेंब पडतात. वीस थेंबांचा सुमारे एक मिलिलिटर धरला तर दिवसाला १४४ मिलिलिटर आणि दहा दिवसांत जवळजवळ दीड लिटर तेल जाते. लहान टाकीत मुळात तेलच लिटर-दोन लिटर मावत असेल, तर दहा दिवसांत ती रिकामी होण्याच्या बेतास येते, हे उघड आहे. शिवाय हा हिशेब थेंब एकाच गतीने पडत राहील असे धरून केलेला आहे. प्रत्यक्षात फाटलेले सील रोज थोडे अधिक फाटते, आणि चिरलेली नळी एखाद्या दिवशी एकदम फुटते.

तेल कमी झाले की पंप तेलाबरोबर हवा ओढू लागतो. तेल हे त्या पंपाचे वंगणही आहे. हवेवर चाललेला पंप थोड्याच अवधीत झिजतो आणि त्याचे धातूचे कण साऱ्या नळ्यांतून फिरू लागतात. अशा रीतीने एका स्वस्त सीलकडे केलेले दुर्लक्ष पंप, नियंत्रक आणि सिलिंडर अशा तिन्ही महाग भागांवर येऊन पडते.

हाताने गळती शोधू नये

गळती शोधण्याची रीत सांगण्यापूर्वी एक धोक्याची सूचना देणे अगत्याचे आहे. चाके वळत असताना ह्या नळ्यांतील दाब शंभर बारच्या आसपास किंवा त्याहून अधिक जातो. टायरातील हवेच्या दाबाच्या तो कित्येक पट असतो. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून ह्या दाबाने निघणारी तेलाची धार पुष्कळदा डोळ्यांना दिसतही नाही. परंतु ती कातडी भेदून मांसात शिरते. हातमोज्यानेही ती अडत नाही.

अशी इजा प्रथम टाचणी टोचल्यासारखी वाटते. रक्त थोडे येते वा येतही नाही, दुखतेही फारसे नाही. म्हणून माणूस हात पुसून कामाला लागतो. काही तासांनी हात सुजतो, ठणकू लागतो, आणि उपचारास उशीर झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. म्हणून असे टोचल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती औषधपाण्यात वेळ न दवडता, जखम न चोळता, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच घडीला जावे. "दाबाखालचे तेल कातडीतून आत गेले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे. तेलाचा डबा किंवा त्यावरील नाव बरोबर नेल्यास अधिक चांगले.

ह्यावरून हे लक्षात येईल की, इंजिन चालू असताना नळीवरून हात फिरवून ओल शोधणे सर्वथा वर्ज्य होय. ते काम लांब पुठ्ठ्याच्या किंवा लाकडी फळीच्या तुकड्याने करावे व डोळ्यांवर चष्मा असावा. नळी किंवा जोड सोडावयाचा असेल तेव्हा अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे, चक्र दोन्ही बाजूंना काही वेळा फिरवून उरलेला दाब उतरू द्यावा आणि तेल निवल्यावरच पाना लावावा.

गळणारे तेल कोणते?

आसाखाली पडलेला प्रत्येक डाग स्टीअरिंगचाच असतो असे नाही. रात्री ट्रॅक्टरखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरून ठेवावा. पुठ्ठ्यावर पुढच्या चाकांची जागा खडूने दाखवावी, म्हणजे थेंब कोणत्या भागाखाली पडला ते सकाळी समजते. मग पांढऱ्या कागदावर त्याचा एक थेंब घेऊन पुढीलप्रमाणे पाहावे.

डिझेल पातळ असते व वासावरून लगेच ओळखू येते. इंजिनाचे वापरलेले तेल काळे असते. रेडिएटरातील द्रव पाण्यासारखा वाहतो, त्यास हिरवा, निळा किंवा गुलाबी रंग असतो. ब्रेकचे तेल पातळ व फिकट पिवळसर असून, ते जेथे पडते तेथील रंगाला फोड येतात. चारही चाकांना गती देणाऱ्या ट्रॅक्टरांच्या पुढील आसात दाट, उग्र वासाचे गिअर तेल असते. ते चाकाच्या बुडख्यातून गळते व पुष्कळदा स्टीअरिंगच्या सिलिंडरावर नाहक आळ येतो. स्टीअरिंगचे तेल बहुधा मधासारखे पिवळसर व पारदर्शक, तर काही यंत्रांत लाल असते. जुने झाल्यावर तेही काळवंडते. संशय राहिल्यास टाकीच्या दांडीवरील थेंब त्याच कागदावर शेजारी टाकून दोहोंची तुलना करावी. ही तुलना सर्वांत भरवशाची होय.

गळती शोधण्याची रीत

तेल नेहमी खाली ओघळते, आणि चालत्या यंत्रावर वाऱ्याने मागे पसरते. त्यावर धूळ बसते व सगळाच भाग चिखलाने माखल्यासारखा दिसतो. म्हणून जेथून थेंब पडतो ती जागा गळतीची नव्हे. ओलीचा सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा टोकबिंदू हा गळतीचा उगम होय. तो सापडण्यासाठी पुढील क्रमाने जावे :

(१) ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हातब्रेक ओढावा, गिअर मोकळा ठेवावा व मागील चाकांना पुढून-मागून दगड लावावेत.

(२) टाकी, पंप, नळ्या, खांबाखालचा नियंत्रक आणि सिलिंडर हे सर्व भाग ब्रशने व फडक्याने स्वच्छ पुसून कोरडे करावेत. पाण्याची जोराची धार टाकीच्या झाकणावर किंवा सीलवर मारू नये. पाणी आत जाते.

(३) टाकीतील तेल खुणेपर्यंत आणावे. संशयित जोडांवर खडूची भुकटी किंवा साधी अंगाला लावावयाची पावडर शिंपडावी. कोरड्या पावडरीवर ओल तत्काळ उमटते.

(४) एकाने इंजिन संथ गतीवर सुरू करून चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. दुसऱ्याने चाकांच्या वळण्याच्या कक्षेबाहेर उभे राहून पाहावे. वळत्या चाकाच्या व आसाच्या मध्ये कोणीही डोके किंवा हात घालू नये.

(५) चक्र टोकाला नेऊन पाच सेकंदांहून अधिक धरून ठेवू नये. तेथे दाब कमाल असतो व तेल फार तापते.

(६) गळती न दिसल्यास अर्धा तास काम करून, तेल गरम असताना पुन्हा पाहावे. काही सील थंड असताना धरतात व गरम झाल्यावर सोडतात.

कोणत्या जागी काय करावे

टाकी : झाकणाभोवती ओल असेल तर प्रथम तेल जादा भरले आहे काय ते पाहावे. तेल तापले की फुगते व हवेच्या छिद्रातून बाहेर येते. ही गळती नसून आपल्याच हातची चूक होय. तेल योग्य असेल तर झाकणाचे रबरी कडे बदलावे. टाकीस चीर असल्यास टाकी बदलणे श्रेयस्कर.

परतीची नळी : हिच्यात दाब कमी असतो. बहुधा पट्टी सैल झालेली असते किंवा नळीचे टोक कडक होऊन चिरलेले असते. पट्टी आवळावी; टोक चिरले असल्यास नळी बदलावी.

दाबाची नळी : हिच्या दोन्ही टोकांना लोखंडी टोपणे दाबून बसविलेली असतात. गळती बहुधा तेथे होते, किंवा नळी जेथे पत्र्याला वा आसाला घासते तेथे होते. उसाचे पाचट, तार किंवा दोरी आसाभोवती गुंडाळली जाऊनही नळी ओढली जाते. नळीवर फुगा आला असेल, आतील तारेची जाळी दिसत असेल किंवा ओलसर चिरा असतील तर नळी फुटण्याची वाट पाहू नये. नवी नळी त्याच दाबाची, त्याच लांबीची व त्याच टोकांची घ्यावी. चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती कोठे ताणली जात नाही ना, घासत नाही ना, हे पाहूनच बांधावी.

जोड : जोडाखाली तांब्याचे किंवा रबर लावलेले वॉशर असतात. ते एकदाच वापरावयाचे असतात. जोड सोडला की नवे घालावेत. जोड गळतो म्हणून पाना लावून सारखा आवळत गेल्यास आटे जातात व साधे काम महाग होते.

पंप : पंपाच्या दांड्यावरील सील गेल्यास पंपाच्या तोंडाशी ओल दिसते. पण पंप इंजिनाच्या दातेरी चक्रांवर बसविलेला असेल, तर तेल बाहेर न येता इंजिनात उतरू शकते. जमिनीवर डाग नाही, स्टीअरिंगचे तेल कमी होत आहे आणि इंजिनाचे तेल मात्र वाढत आहे, अशी तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर हेच समजावे. अशा वेळी ट्रॅक्टर चालवू नये. पंपाचे सील आणि इंजिनाचे तेल दोन्ही बदलावीत.

नियंत्रक : चालकाच्या पायापाशी, खांबावरून ओघळ येत असेल तर नियंत्रकाच्या वरच्या बाजूचे सील गेलेले असते. ह्या भागातील पुर्जे अतिशय काटेकोर मापाचे असतात. तो शेतावर उघडू नये. कुशल मिस्त्रीकडेच द्यावा.

सिलिंडर : सर्वांत अधिक गळती येथे आढळते. सिलिंडराचा चकचकीत दांडा चिखल, धूळ व धसकटे यांच्यातून सारखा ये-जा करतो. भाताच्या चिखलणीत तो तासन्‌तास चिखलात असतो. दांड्यावर तेलाचा अतिशय पातळ थर असणे स्वाभाविक आहे. परंतु दांड्याच्या तोंडाशी थेंब जमत असेल तर सील झिजले आहे. केवळ सील बदलून भागत नाही, दांड्यावरून नख फिरवून पाहावे. (इंजिन बंद असताना.) नख अडेल असा ओरखडा किंवा गंजाचा खळगा असेल तर नवे सीलही थोड्याच दिवसांत फाटते. तेव्हा दांडा बदलावा. सील बसविताना त्याची ओठासारखी कड तेलाच्या बाजूला करावी, त्यास स्वच्छ तेल लावावे आणि टोकदार अवजाराने ढकलू नये.

न दिसणारी गळती

टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत तेल दाबाने जात नसून ओढले जाते. तिच्यात चीर असेल तर इंजिन चालू असताना तेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. टाकीत फेस दिसतो, पंप घुरघुरतो, चक्राला धक्के बसतात. इंजिन बंद केल्यावर मात्र तेथेच थेंब लोंबतो. फेस आणि घुरघुर ही लक्षणे दिसताच ही नळी प्रथम तपासावी.

तेल दुधासारखे पांढरट दिसत असेल व उभे ठेवल्यावरही निवळत नसेल तर त्यात पाणी शिरले आहे. ते सर्व काढून टाकावे.

तिसरा प्रकार आतल्या आत होणाऱ्या गळतीचा. सिलिंडरातील दट्ट्याचे सील झिजले की दाबाखालचे तेल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला निसटते. टाकीतील तेल कमी होत नाही, बाहेर डाग पडत नाही. पण तासाच्या टोकाला वळताना चक्र जादा फिरवावे लागते आणि सरळ रस्त्यावर ते सारखे सावरावे लागते. नियंत्रक किंवा पंप झिजूनही असेच होते. ह्यातील नेमका दोषी भाग दाबमापक लावून मिस्त्रीच ठरवू शकतो. अंदाजाने एकामागून एक भाग बदलणे खर्चाचे ठरते.

तेल भरणे व हवा काढणे

दुरुस्तीनंतर यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल घालावे. दोन निरनिराळ्या जातींची तेले एकत्र करू नयेत. झाकण उघडण्यापूर्वी त्याभोवतीची धूळ पुसावी. नरसाळे स्वच्छ व कोरडे असावे. उघड्या राहिलेल्या डब्यातील तेल वापरू नये. गाळणी बदलावयाची असल्यास तीही याच वेळी बदलावी.

नंतर आतील हवा काढावी. मागील चाकांना दगड लावून पुढचा आस जॅकने उचलावा व त्याखाली भक्कम ओंडके द्यावेत; नुसत्या जॅकवर विसंबू नये. इंजिन संथ चालवून चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ-दहा वेळा सावकाश फिरवावे. टाकीतील फेस नाहीसा होईपर्यंत हे करावे व लागेल तसे तेल घालावे. शेवटी, चाके सरळ व इंजिन बंद असताना तेलाची पातळी पाहावी. गरम व थंड तेलासाठी दोन खुणा असतील तर त्याप्रमाणे पाहावी.

जीप, पिकअप व मोटार

भाजीपाला बाजारात नेणाऱ्या पिकअप व जीप गाड्यांतही हीच रचना थोड्या फरकाने असते. त्यांत चक्र आणि चाके यांच्यामध्ये लोखंडी जोड असतो. तेल गेले तरी चाके वळतात, मात्र फार जोर लागतो. दातेरी पट्टीच्या स्टीअरिंगाच्या दोन्ही टोकांना रबरी घड्यांची आवरणे असतात. ती दाबून पाहिल्यावर आत तेल हिंदकळत असेल तर आतील सील गेले आहे. आवरण बदलून उपयोग नाही. पंपाचे तेल पट्ट्यावर उडाल्यास पट्टा घसरतो व किंचाळतो. तापलेल्या धूर-नळीवर तेल पडत असेल तर आग लागण्याचा संभव असतो, म्हणून अशी गाडी दुरुस्तीवाचून चालवू नये. अलीकडच्या अनेक मोटारींत विजेच्या मोटरीवर चालणारे स्टीअरिंग असते. त्यांत हे तेलच नसते, तेव्हा टाकी शोधण्यात वेळ घालवू नये.

वाटेत बिघाड झाल्यास

रस्त्यावर चक्र जड झाले किंवा पंपाचा आवाज वाढला तर वेग ताबडतोब कमी करावा. ट्रॅक्टर गिअरमध्येच ठेवावा, इंजिन बंद करू नये आणि दोन्ही हातांनी चक्र धरून कडेला थांबावे. रस्त्यावर दोन्ही ब्रेकची पेडले नेहमी एकत्र जोडलेली असावीत. ती सुटी असल्यास अशा वेळी ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो. थांबल्यावर चाकांना दगड लावावेत व मागून येणाऱ्यांना दिसेल अशी खूण ठेवावी. तेल भरून "कारखान्यापर्यंत जाऊ" असा विचार भरलेल्या ट्रॉलीसह करू नये. ज्या वाटेने तेल गेले ती वाट तशीच उघडी असते.

काय करू नये

दाबाच्या नळीच्या जागी साधी रबरी नळी पट्टीने आवळून बसवू नये. ती केव्हा निसटेल याचा नेम नाही. चिरलेल्या नळीवर चिकटपट्टी किंवा सायकलची ट्यूब गुंडाळू नये. जोडांच्या आट्यांवर दोरा किंवा पांढरी फीत गुंडाळू नये. तिचे तुकडे नियंत्रकात अडकतात. ब्रेकचे तेल स्टीअरिंगमध्ये घालू नये, त्याने सील फुगून मऊ होतात. त्याचप्रमाणे स्टीअरिंगचे तेल ब्रेकच्या टाकीत कधीही घालू नये. गळती थांबविणारी म्हणून मिळणारी औषधे रबर थोडे फुगवून काही दिवस निभावून नेतात. फाटलेले सील वा चिरलेली नळी त्यांनी बरी होत नाही.

सांडलेले तेल

काढलेले तेल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. चुलीत वा भट्टीत जाळू नये. वापरलेले तेल २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याकडे पोहोचेल असे पाहावे. सांडलेल्या तेलावर भुसा किंवा कोरडी माती टाकून ती गोळा करावी. जनावरांच्या गोठ्याजवळ व पिण्याच्या पाण्याजवळ ही दक्षता विशेष घ्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गावात ट्रॅक्टरधारकांची बैठक असेल तेव्हा एखादा ट्रॅक्टर पुसून, पावडर शिंपडून गळती शोधण्याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. अर्ध्या तासाचे हे काम व्याख्यानापेक्षा अधिक उपयोगी पडते. त्या वेळी हातापेक्षा पुठ्ठा का वापरावा हे अवश्य सांगावे, कारण बहुतेकांना तो धोका ठाऊक नसतो. ट्रॅक्टर बहुधा घरातील तरुण मुलगा किंवा पगारी चालक चालवितो, म्हणून केवळ मालकाला नव्हे तर त्यांनाही बोलवावे. उसाच्या भागात गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी आणि भाताच्या भागात चिखलणीपूर्वी व चिखलणीनंतर ही तपासणी होईल असे पाहावे.

प्रत्येक ट्रॅक्टरवर एक लहान वही ठेवण्याची सवय लावावी. स्टीअरिंगमध्ये तेल कोणत्या तारखेस व किती घातले एवढीच नोंद तिच्यात असावी. दोन नोंदींमधील अंतर कमी होत चालले की गळती वाढत आहे हे समजते, आणि मिस्त्रीलाही निदान करण्यास तिचा उपयोग होतो.

तेलाचा डबा हाती घेण्यापूर्वी फडके हाती घ्यावे, हे ह्या सर्व विवेचनाचे सार होय. यंत्र पुसावे, ओलीचा वरचा टोकबिंदू शोधावा, तेथील सील किंवा नळी बदलावी आणि मगच तेल भरावे. भरल्या ट्रॉलीवर बसलेल्या चालकाचा आणि समोरून येणाऱ्या वाटसरूचा जीव त्या तेलावर अवलंबून असतो, ह्याची जाणीव प्रत्येक ट्रॅक्टरधारकाने ठेवावी.